पाट सरकारने काढला, बागाईत कोणी आणली? सासवडचे माळी आणि नीरेचे खोरे

कऱ्हाकाठ

नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात पुणे-सोलापूरच्या पूर्व भागाची जी होरपळ झाली, तिच्यानंतर सरकारने हाती घेतलेल्या मोठ्या कामांपैकी हे एक. भाटघर धरणाचे पाणी बारामती-इंदापूरच्या कोरड्या पट्ट्यात पोचले. शाळेत आपण येथपर्यंत शिकतो आणि पुढचे गृहीत धरतो, की पाणी आले म्हणून ऊस आला आणि ऊस आला म्हणून कारखाने आले. या मधल्या पायरीबद्दल मला शंका आहे आणि तिच्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

पाणी आल्यावर पहिली काही वर्षे त्याला पुरेसे गिऱ्हाईकच नव्हते. पाऊस बरा झाला की शेतकरी पाटाकडे फिरकत नसत आणि पाऊस हुकला की सगळे एकाच आठवड्यात मागणीचे अर्ज घेऊन उभे राहत. कालवा दुष्काळासाठी बांधलेला, तेव्हा त्यात गैर काही नव्हते. पण पाणीपट्टीच्या उत्पन्नावर डोळा ठेवून बसलेल्या खात्याला ते परवडणारे नव्हते. बारमाही पाणी बारमाही घेणारे जे लोक पुढे आले, त्यांतील मोठा गट कालव्याच्या गावांतला नव्हता. ते बारामतीपासून साधारण सत्तर किलोमीटरवरच्या सासवडहून आलेले माळी होते.

सासवडला कऱ्हेच्या काठी विहिरींवर मोट चालवून ऊस आणि भाजीपाला करण्याची त्यांची जुनी रीत होती. गूळ आणि माळवे पुण्याच्या पेठांत जाई, म्हणजे बाजार कसा चढतो आणि कसा पडतो याची जाण त्यांना घरातूनच होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यांतील कुटुंबे नीरेच्या पाटावर येऊ लागली. जमीन त्यांची नव्हती. ती त्यांनी स्थानिक मालकांकडून ठरावीक भाड्याने, म्हणजे खंडाने घेतली. पुढे गोदावरीचे पाट निघाले, मग प्रवरेचे, मग नीरेचा उजवा, आणि प्रत्येक ठिकाणी हे लोक पोचले. १९३२ साली त्यांनी आपसांत भांडवल जमवून सासवड माळी शुगर फॅक्टरी ही कंपनी स्थापन केली आणि अकलूजजवळ माळीनगरला कारखाना उभा केला. प्रवरानगरचा सहकारी कारखाना त्यानंतर सुमारे दीड तपाने, १९५० च्या शेवटी सुरू झाला, हे लक्षात घेतले म्हणजे या घटनेचे वजन कळते.

त्यांनी सोबत काय आणले? यंत्रे फारशी नाहीत. त्यांनी आणला तो अठरा महिन्यांच्या पिकाचा हिशेब. आडसाली ऊस पावसाळ्यात लावायचा आणि पुढच्या वर्षीचा पावसाळा पार करून तोडायचा. तोवर बेणे, शेणखत, करडईची आणि एरंडीची पेंड, बांधणी, खुरपणी, पाणीपट्टी असा खर्च एकामागून एक चालू असतो आणि हातात दमडी येत नाही. ज्याच्या घरात हे गणित दोन पिढ्या झाले आहे, त्यालाच ही जोखीम पेलते. माझ्या आजीने सांगितलेले गुऱ्हाळ मला अजून डोळ्यांसमोर दिसते. काहिलीतला रस भेंडीच्या खोडाच्या चिकाने निवळून घेतलेला असे. गुळव्या चुलवणाच्या धगीत उभा राहून उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडी, त्याची गोळी बोटांत वळून कानाशी नेई आणि मग भांड्याच्या काठावर आपटे. आवाज बरोबर आला तरच काहिल उतरायची. चार क्षण उशीर झाला की ढेप काळी पडे आणि अडत्याकडे भाव पडे. हे ज्ञान कोणत्याही खात्याच्या पत्रकातून नीरेकाठी आलेले नाही.

म्हणून माझे मत असे आहे की दख्खनच्या पाटांवरील शेतीचे आधुनिकीकरण हे अभियंत्यांइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, या बाहेरून आलेल्या मळेकऱ्यांचे काम आहे.

चोपणातला

धागाकर्त्यांनी विषय चांगला काढला आहे, परंतु त्यांनी चित्राची अर्धीच बाजू मांडली आहे. मी नीरेच्या डाव्या पाटाखालच्या एका गावचा. आमच्याकडे या कहाणीला दुसरे शेपूट आहे.

पहिली गोष्ट पाणी न घेण्याची. त्या काळच्या साहेबांनी याला आळस म्हटले आणि आपण आजही थोड्या सौम्य शब्दांत तेच म्हणतो. भारी काळ्या रानात रब्बीची ज्वारी ओलीवर येते. पाऊस झालेला असताना तिला पाट दिल्याने उत्पन्न फारसे वाढत नाही, पट्टी मात्र भरावी लागते. ऊस करावा म्हटले तर पेंडीला पैसा हवा, आणि तो सावकाराकडून काढायचा म्हणजे जमीनच तारण पडायची. १८७५ साली सुप्याला सावकारांविरुद्ध जो उठाव झाला तो याच मुलखातला. ती आठवण दहा वर्षांत पुसली गेली असेल असे समजण्याचे कारण नाही. आमच्या पणजोबांनी पाणी नाकारले ते विचार करून नाकारले.

दुसरी गोष्ट जमिनीची. कऱ्हाकाठ यांच्या लेखात जमीन 'खंडाने घेतली' या दोन शब्दांत येते आणि जाते. आमची नऊ एकर अशीच गेली होती. घेणाऱ्याने तिच्यावर भरपूर पेंड घातली, ऊस उत्तम काढला, खंडही वेळेवर दिला. त्याबद्दल तक्रार नाही. मुदत संपून जमीन परत आली तेव्हा मात्र उताराकडच्या तीन एकरांवर पहाटे पांढरा थर दिसू लागला होता. उन्हाळ्यात त्यावरून चालले की पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज येई आणि पावसाळ्यात तीच माती साबणासारखी निसरडी होई. विहिरीचे पाणी मचूळ झाले. ज्वारीसुद्धा हाताच्या वितीएवढी होऊन पिवळी पडे. आमच्याकडे अशा रानाला चोपण म्हणतात आणि माझे टोपणनाव तिथूनच आले आहे.

ही एका घराची रडकथा नव्हे. मुंबई इलाख्याच्या कृषिखात्याचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरेच्या खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र अहवाल छापला तो १९१० सालचा आहे. पाट सुरू होऊन तेव्हा पंचवीसच वर्षे झाली होती. ज्याला जमीन दहा-पंधरा वर्षे वापरायची आहे आणि नंतर नव्या पाटाकडे सरकायचे आहे, तो पाण्याच्या निचऱ्यासाठी चर कशाला खणील? धागाकर्ते 'प्रत्येक ठिकाणी हे लोक पोचले' असे कौतुकाने लिहितात. ते का पुढे सरकत होते, हाही प्रश्न विचारायला हवा.

पाटकरी

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे माझे मत खात्याकडे झुकलेले असेल असे वाचकांनी समजून घ्यावे. गंमत अशी की या वादात मला खात्यालाच जबाबदार धरावेसे वाटते.

जमीन चोपण होण्याची क्रिया सरळ आहे. वर काळी चिकण माती, खाली मुरूम, आणि उताराच्या तोंडाशी पाणी बाहेर पडायला वाट नाही. पाटाचा पाझर आणि उसाला दिलेले जास्तीचे पाणी खाली साठत जाते, भूजल वर येते, मातीतले क्षार त्याबरोबर वर चढतात आणि ऊन लागले की पाणी उडून क्षार मागे राहतात. सोडियम वाढला की चिकण मातीची घडण मोडते आणि मग पाणी खाली जातच नाही. हा दोष पिकाचा नाही आणि पीक करणाऱ्याच्या गावाचाही नाही. पाट काढताना निचऱ्याचा विचार झाला नाही, हे मूळ आहे. त्यात पाणीपट्टी घेतली जाई ती एकरावर आणि पिकावर. किती पाणी वापरले यावर नव्हे. ज्याने एका पाळीत रान तुडुंब भरले आणि ज्याने बेताने भिजवले, त्या दोघांना एकच आकार. अशा पद्धतीत काटकसर कोण करील? शिवाय पुढची पाळी वेळेवर येईलच याची खात्री नसे, म्हणून मिळाले तेव्हा भरून घेणे हा शहाणपणाच ठरत होता.

ब्लॉक पद्धतीचा उल्लेख येथे यायला हवा. विश्वेश्वरय्या त्या वेळी मुंबई इलाख्यात अभियंता होते आणि विसाव्या शतकाच्या आरंभी नीरेवर ही पद्धत त्यांनी पुढे आणली. ठरावीक क्षेत्राला काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची, त्यातील साधारण एक तृतीयांशातच ऊस करू द्यायचा आणि बाकीच्यात हंगामी पिके फिरती ठेवायची, असा तिचा गाभा होता. ऊस आपल्याच रानात फिरत राहावा, पाणी पुष्कळ गावांत वाटले जावे आणि एकाच ठिकाणी दलदल होऊ नये, हे हेतू चांगले होते. परंतु याचा एक परिणाम असा झाला की ज्याच्याकडे मोठे सलग क्षेत्र आहे त्यालाच ब्लॉकचा पुरता लाभ घेता येई, आणि चार-पाच शेजाऱ्यांची राने खंडाने एकत्र करण्याची ऐपत व हातोटी होती ती बाहेरून आलेल्या बागाईतदारांकडे. खात्याने लहान शेतकऱ्याला पाणी वाटण्यासाठी जी चौकट आखली, तिच्यात शिरण्याची वाट मोठ्या खंडकऱ्याला अधिक सोपी गेली.

निचऱ्याचा अभ्यास करण्यासाठी सरकारने १९१६ साली खास सिंचन विभाग स्थापन केला. खडकवासल्याच्या आजच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राचे मूळ ते आहे. धरणांच्या प्रतिकृती पाहायला लोक तेथे जातात, पण ती संस्था नीरेकाठच्या पांढऱ्या पडलेल्या रानांमुळे जन्मली हे फार थोड्यांना ठाऊक असते.

बांधावरचे गवत

आतापर्यंतच्या तिन्ही प्रतिसादांत जमीन ज्याची आणि जमीन ज्याने कसायला घेतली, असे दोनच पक्ष आहेत. तिसरा पक्ष वाक्यातच आलेला नाही.

उसाची बांधणी कोणी केली? एरंडीची पेंड कुटून सरीत कोणी घातली? गुऱ्हाळावर पहाटे तीनला चिपाडे वाळत घालायला आणि चुलवणात सारायला कोण होते? कोरडवाहू गावांतून आलेले महार, मांग, रामोशी, धनगर आणि त्यांच्या बायका. माझी आजी खुरपायला जात असे. मालक सासवडचा असो की गावचा, तिच्या रोजात त्याने फरक पडला असे तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. फरक पडत होता तो एकाच गोष्टीने: बागाईत बारमाही असल्यामुळे काम उन्हाळ्यातही मिळे. धागाकर्त्यांच्या बाजूने हा मुद्दा जातो आणि तो मी प्रामाणिकपणे मांडते. दुष्काळी कामावर खडी फोडण्यापेक्षा उसाची खुरपणी बरी, असे आजी म्हणे.

परंतु 'आधुनिकीकरण' हा शब्द वापरताना तो कोणाच्या आयुष्याला लागतो हे पाहिले पाहिजे. लाकडी चरकाच्या जागी लोखंडी चरक आला, त्याने बैलांचे श्रम वाचले आणि रस जास्त निघाला. खुरपे मात्र तेच राहिले. कारखाना आल्यावर गुळव्याची कला मोडीत निघाली आणि त्याच्या जागी ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. खंडाच्या कागदावर, कंपनीच्या भागभांडवलात आणि पुढे सहकारी संस्थेच्या सभासद-यादीत जी नावे आहेत, त्यांत खुरपे धरणाऱ्यांची नावे शोधून पाहावीत.

कऱ्हाकाठ

सर्वांचे आभार. 'बांधावरचे गवत' यांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते रचून देणार नाही. मूळ लेखात त्या माणसांचा उल्लेख नसणे ही माझी चूक आहे.

चोपणातला यांच्याशी मात्र माझा वाद आहे. पणजोबांनी विचारपूर्वक पाणी नाकारले हे मला पूर्ण मान्य आहे. आळसाची कल्पना मी मांडलेली नाही. पण मग त्याच घरांनी, त्याच रानांत, पुढे तीस-चाळीस वर्षांनी ऊस कसा केला? रान बदलले नव्हते, पाऊसमान बदलले नव्हते. बदलले ते एवढेच की शेजारच्या बांधावर कोणीतरी तो करून दाखवला होता. किती गाड्या खत पडते, किती पेंड लागते, खर्च केव्हा निघतो, कोणता अडत्या उचल देतो, हे बांधावरून बघता येत होते. खंड देणाऱ्या घरातला तरुण त्याच मळ्यात कामाला राहून शिकला आणि मुदत संपल्यावर त्याने जमीन स्वतः कसली, अशी उदाहरणे प्रत्येक गावात सापडतील. चोपणातला यांच्या उरलेल्या सहा एकरांत मुदतीनंतर काय लावले गेले, हे त्यांनी सांगावे अशी विनंती आहे.

भांडवलाचा मुद्दाही थोडा सुधारून घ्यावा लागेल. सासवडहून येणारे सगळे गडगंज नव्हते. पुष्कळांनी अडत्याच्या उचलीवर धंदा केला आणि गुळाचा भाव पडला तेव्हा ते बुडाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात गुळाचा भाव चढला आणि जो तो ऊस लावू लागला. तो भाव नंतर कोसळला आणि मंदीने उरलेसुरले संपवले. १९११ साली विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांनी मुंबईत जी मध्यवर्ती सहकारी बँक काढली, तिच्यामागे नीरेकाठच्या ऊसकऱ्यांना सावकार-अडत्यापासून सोडवण्याची कल्पना होती. धंदा सुरक्षित असता तर अशा बँकेची गरजच नव्हती.

आणि कारखाना. १९३२ साली साखरेच्या आयातीवर संरक्षक जकात बसली. तेव्हा शेठ लोकांनी कारखाने काढले, गोऱ्यांच्या कंपनीचा कारखाना बेलापूर भागात हरिगावला आधीपासून होता. वालचंदनगर, रावळगाव, टिळकनगर ही नावे त्याच काळातली. या सगळ्यांमध्ये गूळ करणाऱ्या शेतकऱ्यांनी आपणहून भांडवल जमवून उभा केलेला कारखाना माळीनगरचा. गुळाने मारले म्हणून हे लोक गावी परत गेले नाहीत; उसाचे पुढे काय करायचे हा प्रश्न त्यांनी आपल्या हातात घेतला. ज्याला फक्त जमीन पिळून पुढे सरकायचे आहे, तो कारखाना बांधत नाही. कारखाना जागचा हलत नाही.

सांता क्लाराकर

मी गेली बावीस वर्षे कॅलिफोर्नियात राहतो. माझे कार्यालय जिथे आहे तिथे एकेकाळी जपानी कुटुंबांची स्ट्रॉबेरीची आणि शेवंतीची शेते होती. ही चर्चा वाचताना त्यांची आठवण आली, म्हणून थोडे लिहितो. विषय भरकटवण्याचा हेतू नाही.

तेथेही बाहेरून आलेल्या मळेकऱ्यांनी पडीक आणि हलक्या समजल्या जाणाऱ्या जमिनी भाडेपट्ट्याने घेऊन भाजीपाल्याच्या केल्या. तेथेही 'हे जमीन पिळतात आणि पुढे जातात' हाच आरोप झाला. त्याचा कायदा १९१३ साली झाला: ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही अशा परदेशीयांनी शेतजमीन विकत घ्यायची नाही आणि भाडेपट्टा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करायचा नाही. १९२० साली भाडेपट्ट्याचीही वाट बंद केली. भारतीयांनाही नागरिकत्व मिळू शकत नाही असा निकाल १९२३ च्या भगतसिंग थिंड खटल्यात लागला आणि पंजाबी शेतकरीही त्याच जाळ्यात आले. लोकांनी अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावे जमिनी ठेवून कसेबसे निभावले. १९४२ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना घरदार सोडून छावण्यांत जावे लागले, त्यात उभी पिके गेली. भूमी-कायदा न्यायालयाने रद्द केला तो १९५२ साली.

माझा मुद्दा एवढाच, की तीन वर्षांची मुदत देऊन वर 'हा जमिनीची काळजी घेत नाही' असे म्हणणे म्हणजे आधी हात बांधून मग पोहता येत नाही म्हणून हसण्यासारखे आहे. नीरेकाठच्या खंडाच्या मुदती किती वर्षांच्या होत्या आणि त्या कोण ठरवत असे?

चोपणातला

सांता क्लाराकर यांची तुलना वाचनीय आहे, पण ती उलटी बसते. कॅलिफोर्नियात कायदा पाहुण्याच्या विरुद्ध होता. आमच्याकडे कागद यजमानाच्या विरुद्ध होता. जमीनमालक म्हणावा तर तो अडीअडचणीत सापडलेला कोरडवाहू शेतकरी. मुलीचे लग्न किंवा जुने देणे समोर असताना तो एकरकमी आगाऊ खंड घेऊन अंगठा उठवी. मुदत ठरवणारा हात पैसे मोजणाऱ्याचा होता.

याचे पुढचे टोक पाहा. कुळकायद्यात ऊस, फळे, फुले यांसाठी दिलेल्या जमिनींना कलम ४३-अ ने सवलत ठेवली, म्हणून खासगी कारखान्यांनी खंडाने घेतलेली जमीन कुळवहिवाटीच्या मुख्य तरतुदींतून सुटली. मग १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला, कारखान्यांची शेती सरकारकडे गेली आणि १९६३ साली शेती महामंडळ झाले. ज्यांनी जमीन खंडाने दिली होती त्यांच्या हाती काही आले नाही. श्रीरामपूरपासून अकलूज-इंदापूरपर्यंतच्या खंडकरी शेतकऱ्यांनी कॉम्रेड माधवराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली किती दशके लढा दिला, हे या भागातल्या माणसाला सांगायला नको. जमिनी परत मिळू लागल्या त्या २०१२ च्या सुमारास. तोवर खंड देणारी पिढी गेली होती आणि तिची मुलेही म्हातारी झाली होती.

कऱ्हाकाठ म्हणतील की हे कंपन्यांचे पाप, सासवडच्या शेतकऱ्याचे नव्हे. बरोबर आहे, आणि मी दोघांना एका मापाने मोजत नाही. पण जमीन मालकाची आणि तिच्यावरचा निर्णय दुसऱ्याचा, ही घडी आधी मळेकऱ्यांनी रूढ केली आणि कंपन्यांनी तीच मोठ्या प्रमाणावर वापरली.

उरलेल्या सहा एकरांचे त्यांनी विचारले आहे. तेथे आजोबांनी ऊस लावला. को ४१९ ही उसाची नवी जात आली तेव्हा पहिले बेणे त्यांनी ज्याच्याकडून आणले, तो पूर्वी आमची जमीन कसणाऱ्याचाच मुलगा होता. हे लपवण्यासारखे नाही म्हणून लिहिले.

पाटकरी

को ४१९ चा विषय निघालाच आहे तर एक भर घालतो. पूर्वीचा पुंड्या ऊस मऊ, रसाळ आणि गुळाला उत्तम, पण पाण्याला हावरा आणि कोल्ह्यांना प्रिय. कोइमतूरच्या या जातीने दख्खनच्या पाटांचे रूप बदलले, आणि तिची येथल्या रानांत पारख करण्याचे काम नीरेजवळच्या पाडेगावच्या संशोधन केंद्राने केले, जे १९३२ सालचे आहे. तेव्हा धागाकर्त्यांचे 'कोणत्याही खात्याच्या पत्रकातून नाही' हे वाक्य गुळापुरते खरे धरावे. बेण्यापुरते ते खरे नाही.

तिफण

या चर्चेत जात थोडी जास्त डोकावते आहे असे वाटते. माळी होते म्हणून बागाईत जमली आणि मराठे होते म्हणून जमली नाही, असा सूर कोणी लावलेला नाही, पण वाचणारा तो लावू शकतो. इतर गावचे माळी याच काळात ज्वारी-बाजरीच करत होते. सासवडकरांना आली ती विद्या विहिरीची आणि पुण्याच्या जवळिकीची. जोतीराव फुले यांनी स्वतः मांजरीला पाटाच्या पाण्यावर शेती केली होती आणि 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये ते पाटबंधारे खात्याला बजावतात की प्रत्येकाच्या शेताला जरुरीपुरत्या पाण्याची तोटी करून द्यावी. पाटकरी यांनी वर एकरी आकारणीबद्दल जे लिहिले, त्यावरचा हा तोडगा १८८३ सालचा आहे. त्याला कोणी विचारले नाही, हा भाग निराळा.

कऱ्हाकाठ

तिफण यांच्याशी सहमत आहे. विद्या विहिरीची होती, रक्ताची नव्हे.

सांता क्लाराकर यांनी मुदतीबद्दल विचारले म्हणून घरातली जुनी पेटी काढली. आमच्या खापरपणजोबांनी बारामती तालुक्यात घेतलेल्या जमिनीचा एक खंडपट्टा मिळाला. कागद मोडीत आहे. पुण्यातल्या एका जाणकार स्नेह्यांकडून तो वाचून घेतला. मुदत बारा वर्षांची. खंड दर पाडव्याला. बांधावरची बाभळ तोडायची नाही, निंबाचे झाड तोडायचे नाही, विहिरीचा गाळ दर तीन वर्षांनी घेणाऱ्याने काढायचा, गुऱ्हाळाची जागा मुदतीनंतर मोकळी करून द्यायची, चिपाड आणि पाचट घेणाऱ्याचे, वैरणीचे वाढे मालकाचे. पाचटापर्यंतची बारीक वाटणी दोघांनी बसून केलेली दिसते.

चर कोणी काढायचा, याबद्दल त्यात एकही ओळ नाही. कागदाच्या सगळ्या बाजू पुन्हा पुन्हा पाहिल्या.

चोपणातला

आमच्याकडच्या कागदातही नाही. मीही काल रात्री पाहिला.

त्या तीन एकरांत वडिलांनी १९७० च्या सुमारास चर खणले, ताग गाडला, जिप्सम टाकले. दोन एकर सुधारले, तिसऱ्याने अजून दाद दिलेली नाही. त्यात यंदा पुन्हा धैंचा पेरला आहे.

कऱ्हाकाठ

तो चर खालच्या ओढ्याला मिळतो का? आमच्या बाजूच्या एका शेतकऱ्याचा चर शेजाऱ्याच्या बांधाशी अडला आहे आणि शेजारी वाट देत नाही.

चोपणातला

आमचाही तिथेच अडला आहे.